खंडेनवमीनंतरचे बोर्ड

सगळे बोर्ड एकाच दिवशी मरत नाहीत हो. एखादा मरतो, दोन मरतात. पोरं उलटी वायर लावतात, धूर काढतात, ते मला चालतं. शिकवायचं म्हटल्यावर धूर निघायचाच. पण दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं त्या सकाळी टेबलावरचे झाडून सगळे बोर्ड मुके झाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मी रेश्मा भिंगारदिवे. राहुरीच्या अलीकडे, उसाच्या रानात एक पॉलिटेक्निक आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी मॅडम, नाही घेतला तर मी कोण हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा आठवत नाही. इतक्या वर्षांत यंदा पहिल्यांदा कायमची एक जागा निघाली होती. एकच. तिच्यासाठी कॉलेजातून आम्ही दोघं उभे होतो, मी आणि प्रशांत ढोकणे सर. मुलाखत येत्या सोमवारी. नुसती बोलाची मुलाखत नाही, समितीसमोर पोरांना घेऊन प्रॅक्टिकल करून दाखवायचं होतं. आणि ते ह्याच बोर्डांवर.

बोर्ड म्हणजे फार मोठं काही नाही. बिस्किटाएवढी निळी पट्टी, मधे काळी चिप, एका टोकाला केबल खुपसायला चकचकीत धातूचं तोंड. संगणकावर प्रोग्राम लिहायचा, केबलमधून बोर्डात पाठवायचा, की बोर्डावरचा दिवा उघडझाप करतो. झालं. पण पहिल्यांदा तो दिवा आपल्या सांगण्यावरून उघडझाप करायला लागला की पोरी अशा ओरडतात, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात. त्या ओरडण्यासाठी मी नगरहून रोज एसटीला लोंबकळत येते, खोटं कशाला सांगू?

तर त्या सकाळी कोणी ओरडेना. बोर्डावरचा लाल दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण संगणकाच्या यादीत बोर्डाचं नावच नाही. घरात बत्ती चालू आहे, माणूस आत आहे, आणि दार बडवलं तरी ओ देत नाही, तसलं.

"मॅडम, ड्रायव्हर गेला असंल," सायली म्हणाली. वांबोरीची पोर, वर्गातली सगळ्यात तिखट.

"चार दिवसांपूर्वी होता ना? दसऱ्याला सोनं लुटायला गेला का तो?"

तरी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला बोर्डाची ओळख पटवून देणारा प्रोग्राम, पुन्हा टाकला. काही नाही. मग केबली. आमच्याकडच्या अर्ध्या केबली मोबाईलच्या दुकानातल्या, नुसत्या चार्जिंगच्या. त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच, वीज जाते पण निरोप जात नाही. म्हणून माझा पहिला संशय कायम केबलीवर. त्या बदलल्या. संगणक बदलला. बोर्डावरचं बटण दाबून धरून पाहिलं. तरी ढिम्म.

शेवटी माझ्या पर्समधला माझा स्वतःचा बोर्ड काढून त्याच केबलीला, त्याच संगणकाला लावला. क्षणात दिसला! म्हणजे केबल बरी, संगणक बरा, ड्रायव्हर बरा. कपाटातल्या खोक्यातून न उघडलेला बोर्ड काढला. तोही लगेच बोलायला लागला. बिघडले होते ते फक्त टेबलावरचे.

"सोपानमामा," मी आमच्या शिपायांना हाक मारली, "सुट्टीत ह्या टेबलावर काय झालं?"

"कुठं काय मॅडम? पूजा झाली की खंडेनवमीची. तुमी न्हवत्या. लई झ्याक झाली. अमृतअण्णा सोता आल्ते. सगळ्या बोर्डांना आपल्या हातानं कुक्कू लावलं त्यांनी, एक सोडला न्हाई."

अमृतअण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. संस्था त्यांची, कॉलेज त्यांचं, समितीत पहिली खुर्ची त्यांची.

मी भिंग काढलं आणि बोर्डाचं ते चकचकीत तोंड बघितलं. आत लालभडक! ओलं कुंकू घट्ट वाळून बसलेलं. दुसरा बघितला, तोच प्रकार. तिसऱ्यात तर अक्षतेचा दाणा अडकला होता. वीज जायच्या टोकाच्या पिना कशाबशा उघड्या होत्या, पण निरोप जायच्या मधल्या पिना पार बुजल्या होत्या.

आता अण्णांचीही चूक म्हणवत नाही मला. लेथ असो, ट्रॅक्टर असो, कुंकू लावताना माणूस त्याचं कपाळ शोधतो. पुढचा, चकचकीत, पत्र्याचा भाग बघतो आणि तिथे बोट टेकवतो. ह्या एवढ्याशा बोर्डावर चकचकीत काय, तर तेवढं तोंडच. मनोभावे लावलं बिचाऱ्यांनी. आणि खंडेनवमीचंही मला वावडं नाही. नगरच्या नागापूरला आम्ही राहतो तिथे त्या दिवशी वर्कशॉपमधल्या मशिनांपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार असतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला माणूस हात जोडतो, त्यात वाईट काय? मी जोडत नाही, एवढंच. त्या दिवशी मी आईला घेऊन नागपूरच्या गाडीत होते. दरवर्षी आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला जातो. रीतसर रजा टाकून गेले होते.

सायलीने भिंगातून बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मीही हसले. एवढं हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग दारात प्रशांत सर दिसले आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थिजलं.

सायलीला बाहेर पाठवून त्यांनी दार लोटलं. देवळाली प्रवराचे, बागायतदार घरातले, पण माणूस साधा. माझा डबा रोज अर्धा तेच खातात. पूजेच्या दिवशी लॅबची किल्ली त्यांच्याकडे होती, ताट त्यांनीच धरलं होतं.

"मला तेव्हाच वाटलं होतं मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "पण अण्णांचा हात कसा धरणार?"

"नका धरू. आता सांगू या. स्पिरिटने धुतले की बरेचसे जिवंत होतील, आणि पुढच्या वर्षी काळजी घेता येईल."

"तुम्ही नका सांगू."

"का?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मॅडम, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते. मुलाखत होऊ द्या. मग मी बोलतो अण्णांशी. मी सांगतो ना."

कळत होतं. न कळायला काय झालं? शाळेत असल्यापासून कळतंय. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लंय ते कळणं. मी 'कुंकवाने पिना बुजल्या' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात 'ह्यांना आमची पूजा खुपते' एवढंच शिरणार. पिना राहिल्या बाजूला. मला असा संताप आला की हातातलं भिंग फेकावंसं वाटलं. पण भिंग कॉलेजचं होतं.

दुपारी प्राचार्य भागवत सरांनी बोलावलं. सर गोड बोलतात. इतकं गोड की ऐकून झाल्यावर चूळ भरावीशी वाटते.

"बसा मॅडम. बोर्ड बंद पडले म्हणे सगळे? ऐन मुलाखतीच्या तोंडावर? कारण काय निघालं?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. मी गिळलं. "धूळ आहे सर. साफ करते."

"करा, करा. नाही, स्टाफरूममध्ये लोक काहीबाही बोलतात. ज्यांची लॅब त्याच पूजेला नव्हत्या, म्हणून असं झालं म्हणतात. मी म्हटलं, असं काही नसतं. आपण विज्ञानाची माणसं. तुमच्या भावनांचा मला पूर्ण आदर आहे. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"सर, रजेच्या अर्जावर तुमची सही आहे."

"आहे ना! मी कुठे नाही म्हणतो?" आणि त्यांनी चहा मागवला.

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. बोर्ड कुंकवाने मेले आणि ठपका कुंकू न लावणारीवर. आणि कारण माझ्या हातात असून मला ते उघडता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढचे दिवस मी आणि सायली स्पिरिट, जुना टूथब्रश आणि शिवणाची सुई घेऊन बसलो. एकेक तोंड कोरून काढायचं, पुसायचं, वाळवायचं, केबल लावून बघायचं. बरेच बोर्ड परत आले. काहींच्या पिना गंजल्या होत्या, ते गेले ते गेलेच. सायली मधूनच विचारायची, "मॅडम, तुम्ही भागवत सरांना धूळ का म्हणलात?" मी म्हणायचे, "ब्रश नीट मार." त्या पोरीला काय सांगणार होते मी? आपण ह्यांना शिकवतो की बिघाड झाला तर अंदाज बांधू नका, एकेक गोष्ट बाजूला काढत खऱ्या कारणापर्यंत जा. आणि खरं कारण सापडलं की ते गिळायचं, हे कुठल्या तासाला शिकवायचं?

आईला सगळं सांगितलं. चांगुणाबाई भिंगारदिवे, जन्मभर नागापूरच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहून मला इंजिनिअर केलेली बाई. ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "रेश्मे, आधी खुर्ची घे. खुर्चीवर बसून बोललेलं लोकं ऐकत्यात. हुबं राहून बोललेलं कुनी ऐकत न्हाई. तुझ्या तोंडाला कुलूप न्हाई, हेच मला भ्याव हाय."

"मी धूळच म्हणणार आहे आई."

"मग झालं."

सोमवार आला. समितीत मधे अमृतअण्णा, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला पेन. बाजूला भागवत सर. आणि पुण्याहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, चष्मा डोक्यावर सारलेल्या. आधी प्रशांत सरांचं झालं. मग मी. समोरच्या बाकांवर माझी पोरं, पहिल्या बाकावर सायली.

मी काय शिकवलं, ते शिकवलं. चांगलं शिकवलं, उगाच लाजू कशाला? पोरांनी केबली लावल्या, सगळ्यांच्या संगणकांवर बोर्ड दिसले, दिवे उघडझाप करायला लागले. अण्णासुद्धा खुर्चीत पुढे सरकून बघायला लागले. म्हणाले, "आरं वा! निस्तं सांगितलं की पेटतंय व्हय?" मला वाटलं, मिळाली. माझी खुर्ची मला दिसायला लागली, तिच्यावर बसलेली मीही दिसायला लागले.

तेवढ्यात तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "छान. आता मला सांगा, बोर्ड जोडला आणि संगणकाला दिसलाच नाही तर तुम्ही कारण कसं शोधता? पुस्तकातलं नको. तुमच्या लॅबमध्ये अलीकडे खरंच घडलेलं सांगा."

भागवत सर माझ्याकडे बघून हलकेच हसले. धूळ. दोन अक्षरं. म्हटलं की सुटले. मी तोंड उघडलं आणि समोर सायली दिसली. पेन हातात घेऊन बसली होती, मी काय सांगते ते लिहून घ्यायला. हजर राहणारी, रोज विश्वासाने लिहून घेणारी पोर.

मी प्रशांत सरांकडे पाहिलं. आपलं झाल्यावर ते मागच्या भिंतीशी उभे राहिले होते. म्हटलं, हा माणूस आता तरी बोलेल, 'अहो, ताट मीच धरलं होतं' म्हणेल. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

मग मी सगळं सांगितलं. ओळीने. ड्रायव्हर, केबल, माझा बोर्ड, खोक्यातला बोर्ड, भिंग. "आत ओलं कुंकू जाऊन वाळलं होतं. खंडेनवमीच्या पूजेत लागलेलं. डेटाच्या पिना बुजल्या होत्या. आम्ही साफ केल्यावर हेच बोर्ड चालू झाले, आत्ता समोर आहेत ते."

तज्ज्ञ बाई मोठ्याने हसल्या. "काय सांगता! हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. फारच छान शोधलंत."

अण्णा हसले नाहीत. "म्हंजी पूजा करू नये, असं म्हनणं हाय का?"

"नाही अण्णा. पूजा जरूर करावी. फक्त कुंकू त्या तोंडाला न लावता खोक्याला लावावं, एवढंच."

"तुमी होता का पूजेला?"

"नाही. मी रजेवर होते."

"कुटं गेल्ता?"

"नागपूरला."

"हां," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

त्या 'हां'नंतर कोणी काही विचारलं नाही. तज्ज्ञ बाईंचं हसूही ओसरलं. त्यांना काय झालं ते कळलं नसावं, पण काहीतरी झालं हे कळलं. बाहेर येताना मी रागाने धुमसत होते. बोर्ड कसे दुरुस्त केले ते कोणी विचारलं नाही, मी कुठे गेले होते ते विचारलं. आणि त्याच एका उत्तराला त्यांनी मार्क दिले.

जागा प्रशांत सरांना मिळाली. भागवत सरांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं. "ज्ञान उत्तमच आहे तुमचं, त्या पुण्याच्या बाईंनी तर तोंड भरून कौतुक केलं. पण संस्था म्हणजे एक कुटुंब असतं. मिळून मिसळून राहावं लागतं. तास मात्र चालू ठेवा हं. तुमच्यासारखं कोण शिकवणार?"

घरी आईला सांगितलं. ती उठून माझ्यासाठी भाकरी टाकायला लागली. तिने दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

मी तास चालू ठेवले. नाहीतर काय करणार? रागाने घर चालत नाही.

पुढे दिवाळीनंतर संस्थेच्या शाळांतल्या शिक्षकांना हे बोर्ड शिकवायचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला प्रशांत सर, कोट घालून. केबली वाटायला आणि अडलं-नडलं बघायला मी. उद्घाटनाला आलेले अमृतअण्णा पहिल्या रांगेत बसून राहिले. मधेच एका शिक्षकाने विचारलं, "सर, बोर्ड कनेक्टच झाला नाही तर काय करायचं?"

प्रशांत सर हसले. "त्याची एक गंमतच सांगतो तुम्हाला. आपल्याच कॉलेजात घडलेली." आणि त्यांनी सांगितलं. ओळीने. ड्रायव्हर, केबल, चांगला बोर्ड लावून बघणं, खोक्यातला बोर्ड, भिंग. माझा एकेक शब्द. फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही' होतं. "आणि आत बघतो तर काय, खंडेनवमीचं कुंकू!"

हॉल हसून हसून लोळायला लागला. आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? अण्णा! त्यांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! म्हंजी मीच मारलं व्हय रं सगळं? आन् मला कुनी बोललं न्हाई!" डोळे पुसत ते उठले आणि माईक घेऊन म्हणाले, "भागवत, लिहून घ्या. पुढच्या वर्षीपासून बोर्डाला निस्तं फूल. कुक्कू खोक्याला. देव काय नाराज व्हत न्हाई. ढोकणे सर, ह्याला म्हंतात अभ्यास. आसा मानूस पायजे संस्थेला." टाळ्याच टाळ्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकत आले होते जन्मभर. त्या दिवशी बसून बघितलं. माझ्या मांडीवर केबलींचा गुंता होता, म्हणून मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत प्रशांत सर माझ्याजवळ आले. चेहरा पडलेला. माणूस वाईट नाही म्हणून तर जास्त राग येतो.

"मॅडम, रागावला नाहीत ना? तुमचं नाव घेणार होतो हो मी. ओठावर आलं होतं. पण अण्णा इतके खुशीत होते... म्हटलं, आत्ता नको."

"बरं केलंत सर," मी म्हणाले. "माझं नाव घेतलं असतं, तर पुढच्या वर्षी परत कुंकू बोर्डांनाच लागलं असतं."

सर हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली.